सामूहिक गोळीबार आणि फाशी : न्याय की सूड? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जगात कोठेही शाळेत, प्रार्थनास्थळात किंवा रेल्वे स्थानकात गोळीबार होऊन माणसे मेली, की दोन-तीन दिवसांत गोव्यातल्या मराठी वर्तमानपत्रांच्या पत्रव्यवहारापासून वाचनालयाच्या पायऱ्यांपर्यंत एकच वाक्य ऐकू येते : ‘अशांना भर चौकात लटकवले पाहिजे.’ त्या वाक्यामागचा संताप खोटा नसतो. मात्र त्यापाठोपाठ जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरे बहुधा ऐकीव माहितीवर दिली जातात. ते प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत. तटस्थतेचा आव आणलेला नाही. जेथे लेखकाचे मत आहे तेथे ते मत म्हणूनच मांडले आहे.

प्रश्न : असे गोळीबार अमेरिकेत होतात. गोव्यात बसून त्यावर डोके का शिणवायचे?

अमेरिकेत हे जितक्या वेळा घडते तितक्या वेळा आपल्याकडे घडत नाही, याचे मोठे कारण बंदुकांची उपलब्धता हे आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’च्या अंदाजानुसार तेथील नागरिकांच्या हाती सुमारे ३९ कोटी बंदुका आहेत, म्हणजे माणसांपेक्षा बंदुका जास्त. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र अधिनियमाखाली परवाना काढावा लागतो. सत्तरी, सांगे भागात रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी शेतकऱ्यांकडे बंदुका असतात, पण निवडणूक जाहीर झाली की त्याही पोलीस ठाण्यात जमा करण्याचे फर्मान निघते आणि शेतकरी कुरकुरत का होईना, त्या नेऊन देतात.

तरीही हा विषय दूरचा नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत सुरू झालेल्या हल्ल्यात १६६ माणसे मारली गेली, त्यांपैकी ५८ छत्रपती शिवाजी टर्मिनसवर. गोळीबार सुरू झाला तो दहाच्या आधी, लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या प्रतीक्षागृहात. आणि त्याच स्थानकातून रात्री अकराच्या सुमारास कोकणकन्या मडगावला निघत असे. त्या गाडीने गावी येणारी माणसे गोव्यातल्या बहुतेक घरांत आहेत. पुढे चार वर्षे कसाबचा खटला आणि फाशी हा विषय आपल्याकडेही चर्चेत राहिला, आणि आजही फाशीवर बोलताना पहिले उदाहरण त्याचेच दिले जाते.

प्रश्न : न्याय आणि सूड यांत नेमका फरक काय?

सूड घेणारा स्वतःच फिर्यादी असतो, स्वतःच न्यायाधीश असतो आणि कोठे थांबायचे हेही तोच ठरवतो. न्यायात ही तीन कामे वेगवेगळ्या माणसांकडे असतात, आरोपीला बोलू दिले जाते, आणि शिक्षेचे माप गुन्हा घडण्याआधीच कायद्यात लिहिलेले असते. या कसोटीवर कायद्याने दिलेली फाशी हा आपोआप सूड ठरत नाही. उलट जन्मठेपही सुडाने दिली जाऊ शकते. म्हणून ‘फाशी म्हणजे सूडच’ असे जे सरसकट म्हणतात, त्यांच्याशी लेखक सहमत नाही.

शिक्षा देणाऱ्याने निकाल आधीच ठरवलेला आहे का, हा खरा प्रश्न आहे. नॉर्वेत २२ जुलै २०११ रोजी एका माथेफिरूने ऑस्लोत बॉम्ब लावून ८ आणि उटोया बेटावर गोळ्या झाडून ६९ जणांना मारले. पुढच्या एप्रिलमध्ये खटला सुरू झाल्यावर लक्षात आले, की न्यायपीठावर बसलेल्या एका नागरिक-न्यायाधीशाने (म्हणजे न्यायाधीशांबरोबर बसणाऱ्या सामान्य नागरिकाने) हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी फेसबुकवर लिहिले होते, की या प्रकरणात मृत्युदंड हीच एकमेव न्याय्य गोष्ट आहे. नॉर्वेच्या कायद्यात मृत्युदंडच नाही, त्यामुळे ते मत अमलात येण्याची शक्यता शून्य होती. तरीही त्याला पीठावरून उठवण्यात आले. त्याने लिहिले ते लाखोंच्या मनात होते, आणि लाखोंना ते म्हणण्याचा हक्क होता. निवाडा करणाऱ्याला तो नव्हता.

प्रश्न : भारतात फाशी कधी देता येते?

खुनाला जन्मठेप हा नियम आणि फाशी हा अपवाद आहे. बचन सिंग प्रकरणात १९८० साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक मताने फाशी घटनाबाह्य नसल्याचे ठरवले, परंतु ती ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणातच, आणि जेथे दुसरा पर्याय निर्विवादपणे बंद झाला आहे तेथेच द्यावी असे बंधन घातले. नुसता गुन्हा पाहून भागत नाही. गुन्हेगाराचे वय, परिस्थिती आणि सुधारण्याची शक्यता हेही पाहावे लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खुनासाठी कलम १०३ आणि ज्यात जीव गेला अशा दहशतवादी कृत्यासाठी कलम ११३ आहे. दोन्हींत फाशी किंवा जन्मठेप असा पर्याय न्यायालयापुढे असतो. अमुक गुन्ह्याला फाशीच, असे बंधन घालणारे जुन्या दंडसंहितेचे कलम ३०३ सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच रद्द केले होते.

प्रश्न : एवढ्या माणसांचा जीव घेतला, सारा देश हादरला, हे कारण पुरेसे नाही का?

आपल्या न्यायालयांनीच हे कारण पुष्कळदा पुरेसे मानले आहे. त्याचे मूळ १९८३च्या मच्छी सिंग निकालात आहे. पंजाबात १९७७ साली दोन कुटुंबांच्या वैरातून एका टोळीने गावोगाव फिरून १७ माणसांना मारले होते. त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बचन सिंगच्या चौकटीची फोड करून सांगितली : गुन्ह्याची पद्धत, हेतू, बळींची संख्या, बळी कोण होते, आणि समाजाच्या सामूहिक विवेकाला असा धक्का बसला पाहिजे, की न्यायव्यवस्थेकडून फाशीचीच अपेक्षा केली जाईल. सुडातून झालेल्या हत्याकांडाच्या खटल्यात ‘समाजाची अपेक्षा’ हे माप कायद्यात शिरले, हा योगायोग असेल, पण विसरण्यासारखा नाही.

या मापाची अडचण अशी, की सामूहिक विवेक मोजायचा कशाने? गोळीबार दूरचित्रवाणीवर साठ तास दिसला तर विवेक हादरतो. तेवढीच माणसे एखाद्या आडगावी मारली गेली आणि कॅमेरा पोहोचलाच नाही, तर तो हादरत नाही. म्हणजे गुन्ह्याइतकेच वजन बातमीला येते. स्वतः सर्वोच्च न्यायालयाने २००९च्या बरियार निकालात जनमत हा घटक बचन सिंगच्या चौकटीत बसत नाही, अशा अर्थाची शंका उघडपणे मांडली आहे. जनक्षोभाला न्यायालयात किंमत नसावी असे लेखकाला वाटत नाही. तो गुन्ह्याच्या गांभीर्याचा पुरावा आहे, एवढे त्याचे स्थान. या माणसाला मारावे की नाही, याचा पुरावा तो होऊ शकत नाही.

प्रश्न : कसाबला बंदूक घेऊन फिरताना सगळ्यांनी पाहिले. मग खटला चालवायची गरजच काय होती?

हा प्रश्न आम्हांला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, आणि त्याचे उत्तर लांबच द्यावे लागेल.

सगळ्यांनी पाहिले ते छायाचित्र : हातात रायफल, पाठीवर पिशवी आणि जवळजवळ पोरसवदा चेहरा. ते सेबॅस्टियन डिसोझा या वृत्तछायाचित्रकाराने रेल्वेच्या डब्याच्या आडोशाने टिपले होते. परंतु छायाचित्र स्वतः बोलत नाही. डिसोझा न्यायालयात उभे राहिले, ते आपणच कोठून आणि कसे काढले हे त्यांनी शपथेवर सांगितले, तेव्हा ते पुरावा झाले. पायात गोळी लागलेली जेमतेम दहा वर्षांची एक मुलगी कुबड्यांच्या आधाराने साक्षीला आली आणि तिने आरोपीच्या पिंजऱ्याकडे बोट दाखवले. तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीजवळ गोळ्या अंगावर झेलत बंदुकीची नळी धरून ठेवली म्हणून तो जिवंत हाती लागला, आणि तो जिवंत असल्यामुळे कराचीपासून मुंबईपर्यंतच्या कटाचा धागा न्यायालयाच्या नोंदीत आला. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. त्यांनी जे मिळवून दिले, ते चौकात लटकवून हाती आले नसते.

या खटल्याची दुसरी बाजू फारशी कोणाच्या लक्षात नसते. आर्थर रोड कारागृहातील विशेष न्यायालयात न्यायाधीश एम. एल. तहलियानी यांनी मे २०१० मध्ये कसाबला फाशी सुनावली. त्याच निकालात, कटाला मदत केल्याचा आरोप असलेल्या दोन भारतीयांना त्यांनी पुराव्याअभावी निर्दोष सोडले. त्या दोघांच्या विरोधात वातावरण काही कमी तापलेले नव्हते. उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०११ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी दोन्ही गोष्टी कायम ठेवल्या : एकाची फाशी आणि दोघांची सुटका. लेखकाच्या मते २६/११ च्या बळींना मिळालेला न्याय दोषी आणि निर्दोष असे वेगळे काढण्यात आहे. २१ नोव्हेंबर २०१२ च्या सकाळी येरवड्यात जी फाशी झाली, ती त्यानंतरची.

प्रश्न : गोळीबारात गुन्हेगार कोण हे उघडच असते. निरपराध माणूस फासावर जाण्याची भीती येथे कशी लागू होते?

फाशीच्या विरोधकांचा हा सर्वांत दमदार मुद्दा सामूहिक गोळीबाराच्या बाबतीत लंगडा पडतो, हे मान्य केले पाहिजे. हातात बंदूक असताना पकडलेल्या माणसाबद्दल ‘तो हा नव्हेच’ असे म्हणता येत नाही.

पण गोळ्या झाडणारा बहुधा जिवंत राहत नाही. मुंबईत आलेल्या दहांपैकी नऊ मारले गेले. मग खटला उभा राहतो तो त्याच्या मागच्या माणसांवर : आसरा देणारा, नकाशा देणारा, चिठ्ठी लिहून देणारा. गुन्हा घडल्याबद्दलची आपली खात्री शंभर टक्के असते आणि ती नकळत या माणसांवर सरकते, जरी त्यांच्याविरुद्धचा पुरावा अगदीच वेगळ्या प्रतीचा असला तरी.

गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरावरचा हल्ला याचे ढळढळीत उदाहरण आहे. २४ सप्टेंबर २००२ रोजी दोन बंदूकधाऱ्यांनी तेथे तीसहून अधिक माणसांचा जीव घेतला आणि दोघेही चकमकीत मेले. पुढे पोटा या दहशतवादविरोधी कायद्याखाली सहा जणांना शिक्षा झाली. त्यांतल्या तिघांना फाशी. पोटात पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत असे, आणि खटल्याचा डोलारा मुख्यतः अशा जबाबांवर उभा होता. गुजरात उच्च न्यायालयाने २०१० मध्ये शिक्षा कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०१४ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडले, तपासावर कडक ताशेरे ओढले आणि खटल्याला परवानगी देताना गृहखात्याने डोके चालवले नाही असेही नोंदवले. त्या दिवशी लोकसभा निवडणुकीचे निकाल लागत होते, त्यामुळे ही बातमी फार थोड्यांनी वाचली.

सुक्याबरोबर ओलेही जळते, असे म्हणून आपण पुढे जातो. येथे जळणारी माणसे दोन न्यायालयांत गुन्हेगार ठरून फाशीच्या कोठडीत बसली होती. तिसरे न्यायालय नसते, किंवा ‘चार दिवसांत लटकवा’ ही मागणी मान्य झाली असती, तर काय झाले असते याचा हिशेब ज्याने त्याने करावा. मुंबईच्या २००६ मधील लोकल गाड्यांतील स्फोटांच्या खटल्यातही, जो गोळीबाराचा नव्हे पण याच जातीचा होता, मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी सर्व आरोपींना निर्दोष ठरवले. त्यांतल्या पाच जणांना खालच्या न्यायालयाने फाशी सुनावलेली होती. राज्य सरकारच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली.

न्या. ए. पी. शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने ऑगस्ट २०१५ मधील २६२व्या अहवालात फाशी रद्द करण्याची शिफारस केली, पण दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध हे गुन्हे वगळून. राजकीयदृष्ट्या हा अपवाद समजण्यासारखा आहे. तर्काने पाहिले तर तो उलटा बसतो, कारण चूक होण्याचा दबाव सर्वांत जास्त असतो तो याच खटल्यांत.

प्रश्न : निदान पुढच्याला तरी वचक बसेल?

मरायच्या तयारीनेच आलेल्याला मरणाची भीती कशी घालणार? कोलंबाइन (१९९९), व्हर्जिनिया टेक (२००७), लास व्हेगास (२०१७) या तिन्ही ठिकाणी हल्लेखोरांनी आत्महत्या केली. एरवीच्या खुनांबद्दलही, अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१२ मध्ये अनेक दशकांचे अभ्यास तपासून निष्कर्ष काढला, की फाशीने खून घटतात की वाढतात की काहीच फरक पडत नाही, हे त्या अभ्यासांवरून सांगता येत नाही.

‘म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो’ हा युक्तिवाद शिक्षा झालीच पाहिजे यासाठी बिनतोड आहे. ती फाशीच का, एवढे मात्र तो सांगत नाही.

प्रश्न : जिवंत ठेवला तर उद्या विमान पळवून त्याला सोडवून नेतील. कंदाहार विसरलात का?

विसरलेलो नाही, आणि फाशीच्या बाजूचा हा भारतातला सर्वांत गंभीर मुद्दा आहे असे लेखक मानतो. डिसेंबर १९९९ मध्ये इंडियन एअरलाइन्सचे विमान पळवून कंदाहारला नेले गेले आणि प्रवाशांच्या बदल्यात मसूद अझरसह तिघांना सोडावे लागले. त्याची किंमत देशाने पुढे मोजली.

पण तपशील पाहा. मसूद अझर १९९४ मध्ये पकडला गेला होता आणि सुटला तेव्हा पाच वर्षे उलटली तरी तो फाशीच्या रांगेत नव्हता. म्हणजे कायद्यात फाशी असूनही तो धोका टळला नाही. वेळेत संपणारा खटला आणि ओलिसांच्या प्रसंगी काय करायचे याचे आधी ठरलेले धोरण, या दोन गोष्टी तेथे कमी पडल्या. शिवाय फाशी सुनावल्यापासून ती अमलात येईपर्यंतची वर्षे हाही ओलीस धरण्याचाच काळ असतो, आणि तो अधिक तापलेला असतो.

प्रश्न : ज्यांचे माणूस गेले त्यांना काय हवे, हे कोणी विचारते का?

विचारतात, आणि उत्तर एक येत नाही. अमेरिकेत चार्ल्सटन येथील चर्चमध्ये १७ जून २०१५ रोजी नऊ कृष्णवर्णीय भाविकांना मारणाऱ्यापुढे, अवघ्या दोन दिवसांत, काही नातेवाइकांनी न्यायालयातच क्षमेचे शब्द उच्चारले. त्याला फाशी मात्र सुनावली गेली. पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये २०१८ साली ११ जण मारले गेले, तेथील बहुतेक कुटुंबांना फाशी हवी होती, आणि २०२३ मध्ये ज्यूरीने ती दिली. एल पासोत २०१९ साली २३ जण गेले. तेथे राज्याच्या सरकारी वकिलाने २०२५ मध्ये फाशीची मागणी सोडली, कारण वर्षानुवर्षे चाललेले हे एकदाचे संपावे असे अनेक कुटुंबांचे म्हणणे होते. पार्कलंडच्या शाळेत १७ जणांना मारणाऱ्याच्या फाशीला २०२२ मध्ये ज्यूरीतले तिघे राजी झाले नाहीत, म्हणून त्याला जन्मठेप झाली. संतापलेल्या पालकांकडे पाहून फ्लोरिडाने पुढच्याच वर्षी कायदा बदलला : आता तेथे बारांपैकी आठ मते फाशीला पुरतात.

या यादीतून लेखक एवढेच घेतो, की ‘पीडितांना फाशी हवी आहे’ असे त्यांच्या वतीने परस्पर बोलण्याचा अधिकार कोणालाच नाही. त्यांना ऐकून घेतले जाणे मात्र जवळजवळ सगळ्यांनाच हवे असते. आपल्याकडे देवळात ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालतात तेव्हा चार माणसे उभी असतात, अन्याय नावानिशी उच्चारला जातो आणि ‘होय महाराजा’ म्हणून सगळे त्याला साक्षी राहतात. कौल काय मिळेल ही पुढची गोष्ट. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ जणांना मारणाऱ्याच्या शिक्षेच्या सुनावणीत ऑगस्ट २०२० मध्ये सुमारे नव्वद जणांनी त्याच्या तोंडावर आपले दुःख मांडले. नॉर्वेच्या खटल्यात शवविच्छेदनाचा प्रत्येक अहवाल वाचताना त्या त्या मृताचे छायाचित्र दाखवले गेले आणि तो कोण होता हे थोडक्यात सांगितले गेले. त्याला आठवडे लागले.

आता आपल्याकडचे पाहा. कुबड्यांवर साक्षीला आलेल्या त्या मुलीला सरकारकडून घर मिळावे म्हणून २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. तोपर्यंत कसाबला फाशी होऊन आठ वर्षे झाली होती. फाशी ही सरकारला सर्वांत स्वस्तात देता येणारी भरपाई आहे, असा वाईट विचार अशा वेळी मनात येतो.

प्रश्न : नॉर्वेत ७७ खुनांना २१ वर्षे! हा न्याय की थट्टा?

ती शिक्षा ‘२१ वर्षांनी सुटका’ अशी नाही. ती सुरक्षा-कैद आहे : मुदत संपताना माणूस धोकादायक वाटला तर न्यायालय ती वाढवू शकते, पुन्हा पुन्हा, मरेपर्यंत. त्याचा पॅरोलचा अर्ज २०२२ मध्ये फेटाळला गेला. क्राइस्टचर्चच्या हल्लेखोराला पॅरोलविना आजन्म कारावास मिळाला. न्यूझीलंडच्या इतिहासात अशी ती पहिलीच शिक्षा.

आणखी एक गोष्ट. नॉर्वेच्या त्या मारेकऱ्याने न्यायालयात स्वतःच सांगितले, की त्याच्या दृष्टीने दोनच निकाल रास्त होते, निर्दोष सुटका किंवा मृत्युदंड; २१ वर्षांची शिक्षा त्याला केविलवाणी वाटत होती. हुतात्मा व्हायला निघालेल्याला जे नको होते, तेच त्याला मिळाले.

प्रश्न : आपल्याकडे जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे. मग फाशीला पर्याय उरतो कोठे?

हा गैरसमज आहे. जन्मठेप म्हणजे कायद्याने उरलेले सारे आयुष्य. अशा कैद्याला चौदा वर्षांआधी सरकार सोडू शकत नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. चौदा वर्षांनी सोडलेच पाहिजे असा नाही. शिवाय २००८च्या श्रद्धानंद निकालापासून उच्च आणि सर्वोच्च न्यायालये ‘सूट न मिळता इतकी वर्षे’ किंवा ‘मरेपर्यंत’ अशी जन्मठेप देऊ शकतात, आणि घटनापीठाने २०१५ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. बचन सिंगच्या काळी न्यायाधीशांपुढे हा मधला पर्याय नव्हता. आज तो आहे, आणि ‘दुसरा पर्याय बंद झाला’ असे म्हणणे त्यामुळे पूर्वीपेक्षा कठीण झाले आहे.

प्रश्न : करदात्यांच्या पैशांवर अशांना बिर्याणी का खाऊ घालायची?

बिर्याणीची कथा खोटी होती. खटल्यातील विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनीच २०१५ मध्ये जयपूरला जाहीरपणे सांगितले, की कसाबने बिर्याणी कधी मागितली नाही आणि त्याला ती दिलीही गेली नाही. त्याच्याबद्दल भावनिक वातावरण तयार होत होते, ते मोडण्यासाठी ती गोष्ट आपण रचली. तरीही ती अजून सांगितली जाते.

प्रश्न : हल्लेखोर वेडा असेल तर?

कृत्य करताना आपण काय करतो आहोत किंवा ते चूक आहे हेच ज्याला कळत नव्हते, त्याला आपल्या कायद्यात गुन्हेगार धरत नाहीत. मात्र मानसिक आजार असणे आणि हे न कळणे या निराळ्या गोष्टी आहेत. कोलोरॅडोतील ऑरोरा येथे २०१२ साली चित्रपटगृहात १२ जणांना मारणाऱ्याचा वेडाचा बचाव ज्यूरीने फेटाळला, पण फाशीवर एकमत झाले नाही म्हणून त्याला जन्मठेप झाली.

प्रश्न : शिवरायांनी रांझ्याच्या पाटलाचे हातपाय तोडले. तेव्हा कोठे चर्चा झाली?

झाली होती. पाटलाला धरून आणवले, गुन्ह्याची खातरजमा केली आणि मग शिक्षा दिली. हातपाय तोडल्यावर त्याला त्याच्या नातलगाच्या ताब्यात सांभाळायला दिले. जीव घेतला नाही. हा दाखला देणाऱ्यांनी तो पूर्ण द्यावा. बाकी सतराव्या शतकातली शिक्षेची पद्धत आज कोणीच मागत नाही.

प्रश्न : पोर्तुगीज राजवटीत गोव्यात फाशी नव्हती, हे खरे का?

बऱ्याच अंशी खरे. पोर्तुगालने राजकीय गुन्ह्यांसाठी मृत्युदंड १८५२ मध्ये आणि नागरी गुन्ह्यांसाठी १८६७ मध्ये रद्द केला, आणि १८७० मध्ये तो निर्णय वसाहतींनाही लागू झाला. त्यापूर्वीचा इतिहास रक्ताळलेला आहे : पोर्तुगीज सत्तेविरुद्धच्या १७८७च्या पिंटोंच्या कटात १५ जणांना देहदंड झाला, आणि इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाच्या काळात माणसे जाळली गेली. गंमत अशी, की पोर्तुगालची नागरी संहिताही १८६७ सालचीच. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर ती संहिता विवाह आणि वारसाहक्कासाठी आपल्याकडे टिकली आणि तिचा अभिमानही बाळगला जातो. त्याच साली रद्द झालेली फाशी मात्र भारतीय दंडसंहितेबरोबर परत आली, आणि त्याची कोणी फारशी नोंद घेतली नाही.

यावरून पोर्तुगीज दयाळू होते असा निष्कर्ष काढू नये. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवी, तेरेखोल आणि इतर सीमांवर त्यांच्या सैनिकांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या आणि वीसहून अधिक जण मारले गेले. गोव्याच्या भूमीवरचा सामूहिक गोळीबार म्हणायचा तर तो हा, आणि बंदुका सरकारच्या होत्या. कायद्याच्या पुस्तकात फाशी नसलेली राजवटही रस्त्यावर माणसे मारू शकते.

याच काळातले दुसरे उदाहरण उलट दिशेने बोलके आहे. आझाद गोमंतक दलाचे मोहन रानडे ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. आपल्यासाठी ते स्वातंत्र्यसैनिक, सामान्य माणसांवर गोळ्या झाडणाऱ्यांशी त्यांची बरोबरी कोणी करू नये. पण पोर्तुगीज न्यायालयाच्या लेखी ते सशस्त्र हल्लेखोर होते. त्यांना २६ वर्षांची शिक्षा झाली. जानेवारी १९६९ मध्ये ते लिस्बनजवळच्या तुरुंगातून सुटले आणि पुढे पन्नास वर्षे जगले. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हल्लेखोर कोण आणि हुतात्मा कोण, याबद्दल राज्याचे मत बदलू शकते. दिलेली फाशी बदलत नाही.

प्रश्न : उद्या गोव्यातल्या न्यायालयाने फाशी सुनावली, तर पुढे काय होते?

उत्तर किंवा दक्षिण गोव्याच्या सत्र न्यायालयाने सुनावलेली फाशी मुंबई उच्च न्यायालयाच्या पर्वरीतील खंडपीठाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, आरोपीने अपील केले नाही तरीही. तेथे किमान दोन न्यायाधीश सारा पुरावा नव्याने तपासतात. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात अपील, आणि ते फेटाळले तर फेरविचाराची याचिका. २०१४च्या निकालानुसार ती खुल्या न्यायालयात, किमान तीन न्यायाधीशांपुढे ऐकावी लागते. मग अनुच्छेद १६१ खाली राज्यपालांकडे आणि ७२ खाली राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज.

या पायऱ्यांना ‘वेळकाढूपणा’ म्हणणाऱ्यांनी अक्षरधामचे उत्तर पुन्हा वाचावे. खरा वेळकाढूपणा फाइल नुसती पडून राहते तेव्हा होतो. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये शत्रुघ्न चौहान प्रकरणात बोट ठेवले आणि १५ जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. दयेचा अर्ज फेटाळल्याचे कैद्याला कळवल्यावर फाशीपर्यंत किमान १४ दिवस गेले पाहिजेत आणि त्याच्या नातेवाइकांना आधी कळवले पाहिजे, हेही त्याच निकालाने बंधनकारक केले.